गिलरेचा 'भोगी' राजपुत्र: १७९२ ची ही जोडचित्रं वाचायची कशी?

जुनी_पाने

इंग्लिश व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या दोन चित्रांवर एका अभ्यासगटासाठी टिपण तयार करते आहे. पहिलं २ जुलै १७९२ चं, 'अ व्हॉलप्च्युअरी अंडर द हॉरर्स ऑफ डायजेशन', म्हणजे खाऊन खाऊन बेजार झालेला भोगी. दुसरं २८ जुलै १७९२ चं, 'टेम्परन्स एन्जॉयिंग अ फ्रूगल मील', म्हणजे साधं जेवण चवीने जेवणारा संयम. पहिल्यात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज. दुसऱ्यात त्याचे आईवडील, तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट.

वरवरचा अर्थ लगेच कळतो: मुलगा उधळ्या, बाप कवडीचुंबक. पण चित्रात चिठ्ठ्या, बाटल्या, तसबिरी अशी इतकी गर्दी आहे की त्यातलं काय महत्त्वाचं आणि काय नुसतं भरताड, तेच ठरवता येत नाही. म्हणून जाणकारांना विचारते:

१. या बारीकसारीक वस्तूंचा अर्थ लावताना सुरुवात कुठून करावी?
२. गादीच्या वारसाचं असं चित्र भर बाजारात विकूनही चित्रकार किंवा दुकानदार तुरुंगात कसा गेला नाही?
३. ही चित्रं तयार कशी व्हायची, आणि विकत कोण घ्यायचं?
४. गटातल्या एकांकडे गिलरेचा म्हणून एक जुना छापा आहे. तो त्या काळातला की नंतरचा, हे घरच्या घरी कितपत तपासता येतं?

---

रेघोटी

पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण खरी गंमत तिथेच आहे.

आधी आकार लक्षात घ्या. 'भोगी'चा छापा अंदाजे ३६ सेंटिमीटर उंच आणि २९ सेंटिमीटर रुंद आहे. तो हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन बघण्यासाठी केलेला आहे. मोबाइलवर अंगठ्याएवढा करून पाहिला तर फक्त पोट दिसतं आणि आरोपपत्र निसटतं. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर दोन्ही चित्रं मोठी करून बघता येतात. त्यांच्या व्यंगचित्रसूचीत 'भोगी'चा क्रमांक ८११२ आणि 'संयमा'चा ८११७. शीर्षकापेक्षा क्रमांकाने शोधा, नकला आड येत नाहीत.

सुरुवात पोटापासूनच करा, गिलरेची तशीच इच्छा आहे. राजपुत्र खुर्चीत मागे रेलून, पाय फाकवून बसला आहे आणि काट्याने दात कोरतो आहे. दात कोरायला काडी नाही, जेवायचा काटा! फुगलेल्या पोटावर वास्कीट एका गुंडीच्या जोरावर कसंबसं टिकलं आहे. ती गुंडी नीट बघा: तिच्या दोन्ही बाजूंनी कापडाच्या चुण्या ताणून निघालेल्या आहेत. पुढच्या श्वासाला ती सुटणार, हे एका गुंडीत सांगून टाकलं आहे. त्या वेळी तो तिशीलाही पोहोचला नव्हता (जन्म १२ ऑगस्ट १७६२), हे टिपणात जरूर लिहा.

मग खाली उतरा. टेबलाखाली रिकाम्या बाटल्या. जमिनीवर फासे आणि जुगाराचे कागद. त्यातल्या एकावर 'न चुकवलेली इभ्रतीची कर्जं' असं लिहिलेलं आहे. जुगारातली देणी कायद्याने वसूल करता येत नसत, ती फक्त शब्दावर चालत, म्हणून त्यांना 'इभ्रतीची' म्हणत. तीही थकलेली आहेत. म्हणजे सरदार-दरकदारांच्या नजरेत माणूस ज्यामुळे उतरतो, नेमकं तेच. दुसऱ्या कागदावर फेरो या पत्त्यांच्या जुगारातल्या भागीदारीचा हिशेब आहे आणि त्यात आर्चर, होबार्ट ही नावं आहेत. या दोन बड्या घरच्या बायका स्वतःच्या घरी फेरोची टेबलं चालवायच्या. गिलरेने १७९६ मध्ये या दोघींना खोड्यात अडकवलेलं दाखवलं.

आता त्याच्या मागचा छोटा मंच. तिथे शौचाचं भांडं आहे, भरून सांडायला आलेलं, आणि त्याच्याखाली दाबून ठेवलेले कागद म्हणजे खाटीक, कोंबडीवाला, बेकरीवाला यांची थकलेली बिलं. संपूर्ण चित्रातला सगळ्यात जहरी भाग हाच, असं माझं मत. जे खाल्लं त्याचं शेवटी काय झालं आणि ज्यांनी ते पुरवलं त्यांच्या पदरात काय पडलं, दोन्ही एकावर एक ठेवलं आहे. कागद उडू नयेत म्हणून वजन ठेवतात, ते वजन म्हणून काय निवडलंय बघा. जवळच औषधं आहेत: मूळव्याधीचं, तोंडाच्या दुर्गंधीवरचं, शिवाय 'वेल्नोज व्हेजिटेबल सिरप' आणि 'लीक्स पिल्स'. शेवटची दोन गुप्तरोगांवरची म्हणून जाहिरातींतून घरोघरी माहीत होती. इथे एक शब्दही जास्त लिहायची गरज पडली नाही, बाटलीवरच्या चिठ्ठीने काम केलं.

भिंतीवरची तसबीर लुईजी कोर्नारोची. हा १६ व्या शतकातला व्हेनिसकडचा गृहस्थ मिताहारावर लिहून प्रसिद्ध झाला. रोज १२ औंस अन्न आणि १४ औंस वाइन एवढ्यावर तो राहत असे. गिलरेने त्याच्या हातात मात्र पाण्याचा पेला दिला आहे आणि वय ९९ लिहिलं आहे. खिडकीबाहेर खांबांची रांग दिसते, तो कार्लटन हाउसचा अर्धवट राहिलेला भाग. नुसती सजावट समजून तो सोडू नका. १७८३ मध्ये राजपुत्र २१ वर्षांचा झाला तेव्हा हा वाडा त्याला मिळाला, वर्षाला ५०,००० पौंडांची नेमणूकही झाली. वास्तुविशारद हेन्री हॉलंडला हाताशी धरून त्याने असं बांधकाम काढलं की १७८६ पर्यंत कर्ज सुमारे २,७०,००० पौंडांवर गेलं. मग वाडा बंद, नोकरांना रजा, घोडे लिलावात. पुढच्या वर्षी पार्लमेंटने १,६१,००० पौंड देऊन घेणेकऱ्यांची तोंडं बंद केली. १७९२ मध्ये चित्र आलं तेव्हा कर्ज पुन्हा डोक्यावर चढलं होतं. १७९५ मध्ये लग्न झालं तेव्हा ते ६,३०,००० पौंडांवर पोहोचलेलं होतं.

आता 'संयम' शेजारी ठेवा. राजा उकडलेलं अंडं खातो आहे, विजारीला ठिगळ. राणी तोंडात सॅलड कोंबते आहे, आणि या 'साध्या' जेवणातही तिच्या चेहऱ्यावरची हाव गिलरेने लपवलेली नाही. खुर्च्यांवर अभ्रे. घंटेची दोरी झिजू नये म्हणून पिशवीत बांधलेली. भिंतीवर चौकटी आहेत पण आत चित्रं नाहीत. एका रिकाम्या चौकटीखाली 'स्वर्गातून पडणारा मान्ना' असं लिहिलंय, म्हणजे देवाने भुकेल्यांना वाटलेलं अन्न. शेकोटीत जाळ नाही, तिथे फुलापानांचं भांडं आहे. ती पानंफुलं कोणती ते बघा: हॉली, मिसलटो, स्नोड्रॉप. ही हिवाळ्यातली. म्हणजे कडाक्याच्या थंडीतही लाकूडकोळसा वाचवणं चालू आहे. चित्र जुलैमध्ये निघालं म्हणून बरेच जण तिथे उन्हाळा समजतात आणि हा टोला हुकतो. भक्कम तिजोरी आणि पाच टक्के व्याजाचा तक्ता विसरू नका.

माझ्या मते या जोडीचा मुद्दा 'उधळ्या विरुद्ध कंजूष' एवढ्यावर थांबत नाही. मुलगा उडवतो, बाप साठवतो, पैसा मात्र दोघांकडे एकाच खिशातून येतो. गिलरेने हे आधी उघडच काढलं होतं. २१ एप्रिल १७८६ च्या 'अ न्यू वे टू पे द नॅशनल डेट' मध्ये राजा-राणी पैशांच्या थैल्या घेऊन खजिन्यातून बाहेर पडताहेत, पंतप्रधान पिट आणखी थैल्या पुढे करतोय, आणि बाजूला हातपाय गमावलेला सैनिक जमिनीवर बसला आहे. २९ मे १७८७ च्या 'मॉन्स्ट्रस क्रॉज' मध्ये तिघं एकाच भांड्यातून गिनी (सोन्याची नाणी) ओरपताहेत. भांड्यावर लिहिलंय 'जॉन बुलचं रक्त' (जॉन बुल म्हणजे सामान्य इंग्रज माणूस). राजा-राणीच्या गळ्याखालच्या पिशव्या टम्म, राजपुत्राची रिकामी. (त्या वर्षी लंडनमध्ये गलगंड झालेली तीन माणसं तिकीट लावून दाखवत होते, पिशव्यांची कल्पना तिथली.) ही दोन आधी दाखवा, मग १७९२ ची जोडी. गटाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

---

कलमबंद

रेघोटींनी एक गोष्ट राहून गेली ती जोडतो, कारण दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तीच आहे. 'भोगी'मध्ये राजपुत्राचं नाव कुठेही नाही. शीर्षकात नाही, कागदांवर नाही. चेहरा, वाड्याचे खांब आणि त्याच्या चिन्हाची टिंगल (ताटलीवर आडवेतिडवे काटा-सुरी) यावरून ओळखायचं.

त्या काळच्या इंग्लिश कायद्यात राजद्रोही बदनामीच्या खटल्यात 'हे खरं आहे' हा बचाव चालत नसे. तशी मुभा १८४३ च्या कायद्याने मिळाली, तीही लोकहिताची अट घालून. कागदावर कायदा कडक होता. अडचण खटला चालवण्यात होती. आरोपपत्रात चित्राचं शब्दांत वर्णन करून 'यातला अमुक म्हणजे अमुक' असं सरकारी वकिलाला लेखी मांडावं लागे. म्हणजे भर न्यायालयात उभं राहून सांगायचं की शौचाच्या भांड्याजवळ बसलेला हा लठ्ठ माणूस म्हणजे आपले युवराज, आणि ती थकलेली बिलं त्यांचीच. शिवाय फॉक्सचा लायबेल (बदनामीविषयक) कायदा १७९२ मध्येच आला. मजकूर बदनामीकारक आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशाकडून ज्यूरीकडे दिला. लंडनची ज्यूरी म्हणजे दुकानदार, कारागीर. थकलेल्या बिलांचा विषय त्यांच्यापुढे न्यायला कोण धजावेल?

पण 'काहीच होत नसे' असंही लिहू नका. विल्यम हॉलंड हा चित्रविक्रेता १७९३ मध्ये वर्षभरासाठी न्यूगेटच्या तुरुंगात गेला. मात्र तो गेला राजेशाहीविरोधी लेखक टॉमस पेनचं पत्रक विकल्याबद्दल, चित्रांबद्दल नव्हे. लिखित मजकूर आरोपपत्रात जसाच्या तसा उतरवता येतो, चित्र येत नाही, हा फरक इथे स्पष्ट दिसतो. खुद्द गिलरेवर जानेवारी १७९६ मध्ये कारवाई झाली ती 'द प्रेझेंटेशन' या चित्रावरून. राजपुत्राला नुकतीच मुलगी झाली होती आणि चित्रात तो झिंगलेल्या अवस्थेत बाळाला सामोरा येतो. बायबलमधल्या बाळ येशूच्या दर्शनाच्या प्रसंगाशी त्याची तुलना असल्याने धर्मनिंदेचा मुद्दा निघाला. ते प्रकरण पुढे गेलं नाही. १७९७ पासून गिलरेला सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळू लागले. मध्यस्थी राजकारणी जॉर्ज कॅनिंगची. त्यानंतरची त्याची चित्रं वाचताना हे २०० पौंड ध्यानात ठेवावेच लागतात.

त्याच्या बदललेल्या सुराचं सगळं श्रेय पैशाला देणं मात्र चूक आहे. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्यावर ५ नोव्हेंबर १७९३ लाच त्याने तिसऱ्या जॉर्जला इंग्लंडच्या नकाशाच्या आकारात काढून फ्रेंच किनाऱ्यावर मागच्या बाजूने तोफा डागायला लावलं होतं. राजा तिथेही हास्यास्पदच आहे, पण आपला आहे. पैसे त्यानंतर चार वर्षांनी आले.

राजपुत्राने शेवटी धरलेला उपाय साधा होता: पैसे द्या आणि बंद करा. राजा झाल्यावर १८२० मध्ये व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकला १०० पौंड देण्यात आले. 'महाराजांना कोणत्याही अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही' या हमीबद्दल दिल्याची पावती आहे. गंमत म्हणजे राजा स्वतः ही चित्रं विकतही घ्यायचा. विंडसरच्या संग्रहातली हजारो इंग्लिश व्यंगचित्रं १९२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतली.

---

जुनी_पाने

फारच उपयोगी. हॉली-मिसलटोचं माझ्या अजिबात लक्षात आलं नव्हतं. एक उपप्रश्न: फ्रान्सची राणी मेरी आंत्वानेत हिच्यावरची फ्रेंच चित्रं याच टिपणात घ्यावीत का? आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नावर कोणी लिहील का?

---

रेघोटी

घ्या, पण वेगळ्या भागात. तिथली परिस्थिती वेगळी आहे. १७८९ पूर्वी पॅरिसमध्ये सेन्सॉरशिप होती, त्यामुळे राणीविरुद्धचा माल बराचसा चोरून छापलेला किंवा बाहेरून आलेला. १७८९ नंतर बांध फुटला. तिथली चित्रं जमाखर्चाच्या हिशेबात शिरत नाहीत, माणसाचं सरळ जनावर करतात. १७९१ मध्ये पळून जाताना व्हारेन गावात पकडला गेल्यावर राजा १६ वा लुई डुक्कर झाला. 'ले दो न फों काँ' या चित्रात राजा-राणी मिळून दोन तोंडांचं एकच जनावर आहे. राणीवरच्या एका चित्रात ती शहामृग आहे. फ्रेंचमध्ये शहामृग म्हणजे 'ओत्रूश' आणि ऑस्ट्रिया म्हणजे 'ओत्रीश'. ती माहेरची ऑस्ट्रियन, म्हणून हा श्लेष. ती म्हणते, सोनं-चांदी मला सहज पचते, पण राज्यघटना काही गिळवत नाही. खादाडपणा, पचन आणि खजिना यांचा धागा दोन्ही देशांत आहे, तेवढ्यावर तुलना करा.

---

ताम्ररेषा

तिसरा प्रश्न. आधी एक खुलासा: 'भोगी' हे निव्वळ एचिंग (तांब्यावर आम्लाने रेषा खोदणं) नाही, त्यात मुख्यतः स्टिपल वापरलंय. स्टिपल म्हणजे रेषांऐवजी ठिपक्यांनी छटा उभी करणं. बार्तोलोझी या कोरीवकाम करणाऱ्या चित्रकाराने लंडनमध्ये लोकप्रिय केलेली ही पद्धत नाजूक व्यक्तिचित्रांसाठी, राजघराण्यातल्या गुलाबी गालांसाठी वापरली जायची. गिलरे रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकलेला होता, तो यात तयार होता. राजदरबारी चित्रांचं तंत्र त्याने राजपुत्राच्या पोटासाठी वापरलं. भिंगातून गाल आणि वास्कीट बघा, ठिपके मोजता येतील इतके स्वच्छ आहेत.

काम असं चालायचं. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा करायचा आणि कडा तिरक्या तासायच्या. कडा धारदार राहिल्या तर छापताना ओला कागद तिथेच फाटतो. पत्र्यावर तेलाचं बोट लागलेलं चालत नाही. खडूच्या पुडीने तो पुसून घ्यायचा, मग गरम करून मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर चढवायचा. थर जाड झाला तर सुई अडते आणि चिरफळ्या पडतात, पातळ झाला तर आम्ल नको तिथे आत शिरतं. थर चढल्यावर मेणबत्तीच्या काजळीने तो काळा करायचा, म्हणजे सुईने ओरखडलेलं तांबं चमकून दिसतं.

रेखाटन कागदावरून उतरवून घेताना लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे छापा उलटा येतो. चेहरा उलटा आला तर एकवेळ चालेल, अक्षरं उलटी आली तर सगळं फुकट. 'भोगी'मधली प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक बाटलीचं नाव गिलरेने पत्र्यावर आरशातल्यासारखं लिहिलेलं आहे. घाईत काम करणाऱ्यांच्या छाप्यांत एखादा एन किंवा एस उलटा सापडतो तो यामुळे.

मग पत्र्याच्या काठांवर मेणाची भिंत उभारून आत पाणी घातलेलं नायट्रिक आम्ल ओतायचं. रेषांवर बुडबुडे जमतात, ते पिसाने सतत हलवत राहायचं. बुडबुडा जागीच राहिला तर तिथे तांबं खाल्लं जात नाही आणि रेषा तुटक येते. फिक्या हव्या असलेल्या जागा आधी खाऊन झाल्या की आम्ल काढून त्यांवर वार्निश लावायचं आणि उरलेल्या गडद भागांसाठी पुन्हा आम्ल. फार जवळजवळ काढलेल्या रेषा आम्लात एकमेकींत मिसळतात आणि गडद सावलीऐवजी शाई न धरणारा राखाडी खड्डा तयार होतो. स्टिपलमध्ये हा धोका जास्त, म्हणून ठिपके आधी आम्लाने आणि नंतर वाकड्या टोकाच्या हत्याराने हाताने खोल करत.

छपाईत शाई पत्रा गरम करून खोबणींत भरायची, वरची मलमलीने आणि शेवटी तळहाताने पुसायची. ओलसर कागद, त्यावर लोकरी पट्टे, मग रोलरच्या दाबाखालून एकदाच. प्रत्येक प्रतीला पुन्हा शाई, पुन्हा पुसणं. तांबं मऊ असल्याने काही शेकडा प्रती निघाल्या की बारीक ठिपके आधी बसतात, जाड रेषा नंतर. गालावरची छटा गेलेली आणि कोटाची रेघ ठसठशीत, अशी प्रत दिसली तर ती उशिराची.

रंग हाताने, दुकानाने नेमलेल्या माणसांकडून, नमुन्याची प्रत समोर ठेवून. प्रती-प्रतीत रंग बदलतो. म्हणून टिपणात 'राजपुत्राच्या कोटाचा रंग असा, याचा अर्थ तसा' असं विधान करू नका. दुसऱ्या प्रतीत तो रंग नसेल.

विकत कोण घ्यायचं? साधी प्रत साधारण एक शिलिंग, रंगीत दोन. शेतमजुराची आठवड्याची मजुरी ८-९ शिलिंगांच्या आसपास असताना हा गरिबाचा माल नव्हे. घेणारे वकील, खासदार, सरदार, आणि चित्रात झोडपलेली मंडळीसुद्धा. एस. डब्ल्यू. फोर्ससारखे दुकानदार चित्रांचे गठ्ठे संध्याकाळपुरते भाड्यानेही देत. गरीब माणूस दुकानाच्या काचेबाहेर उभा राहून फुकट बघायचा. १८०८ च्या 'व्हेरी स्लिपी वेदर' या गिलरेच्याच चित्रात ती खिडकी आणि समोरची गर्दी दिसते.

अवांतर: 'कार्टून' हा शब्द व्यंगचित्र या अर्थाने १८४३ मध्ये 'पंच' साप्ताहिकामुळे रूढ झाला. गिलरेच्या काळात 'कॅरिकेचर' म्हणत. टिपणात आपण 'व्यंगचित्र'च लिहिणार म्हणा, पण कोणी विचारलं तर हाताशी असू द्या.

---

भिंगवाला

चौथा प्रश्न. क्रमाने जा, आणि कशालाही पाणी, खोडरबर किंवा चिकटपट्टी लावू नका.

पहिलं, पत्र्याच्या दाबाची खूण. चित्राभोवती आयताकृती खोलगट रेघ असते, बोटाला जाणवते. ती नसेल तर दोन शक्यता: कडा छाटल्या आहेत किंवा हा तांब्याचा छापा नाहीच. छाटणी फार सर्रास होती, लोक चित्रं वह्यांत चिकटवत. तेव्हा खूण नाही म्हणून लगेच टाकून देऊ नका.

दुसरं, दहापट भिंग. खोबणीतली शाई कागदावर किंचित उंच बसते, ठिपके अनियमित असतात. एकसारख्या जाळीत मांडलेले ठिपके दिसले तर ती फोटोवरून केलेली यांत्रिक छपाई आहे, विषय संपला.

तिसरं, कागद उजेडासमोर धरा. १७९० च्या दशकातल्या लंडनच्या छाप्यांत जाळीच्या समांतर रेघा असलेला आणि रेघा नसलेला, दोन्ही कागद सापडतात. जलचिन्हात साल असेल तर सोन्याहून पिवळं. निर्यातीवरच्या करसवलतीच्या नियमामुळे १७९४ पासून इंग्लिश कागदात साल घालायला लागले. १७९२ च्या चित्राच्या कागदात १८०५ आढळलं तर ती प्रत नंतर छापलेली. पत्रा जुना, प्रत नवी.

इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. तळाशी कोरलेली तारीख प्रत छापल्याची नसते. १७३५ च्या कायद्याने, ज्यामागे चित्रकार होगार्थचा पुढाकार होता, चित्राचे हक्क मिळवायचे तर पत्र्यावर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख कोरणं बंधनकारक होतं. सुरुवातीला १४ वर्षं संरक्षण, १७६७ पासून २८. ती ओळ पत्र्यावर कायमची राहते. १८५१ मध्ये बोन या प्रकाशकाने गिलरेचे जुने पत्रे मिळवून मोठा संग्रह छापला, त्यावरही १७९२ च दिसणार. बोनच्या प्रती ओळखायला सोप्या: जाड कागद, रंग नाही, वर उजव्या कोपऱ्यात नंतर कोरलेला क्रमांक, आणि बऱ्याचदा कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रं. क्रमांक छाटलेला आणि नंतर रंगवलेला असेल तर कागदाच्या पाठीमागे दुसऱ्या चित्राची शाई उमटली आहे का बघा.

चौथं, नकला. इंग्लंडचा हक्ककायदा त्या काळी आयर्लंडला लागू नव्हता, डब्लिनमध्ये राजरोस नकला व्हायच्या. नकलाकार छापील प्रत समोर ठेवून सरळच कोरत असे, म्हणून चित्र उलटं छापलं जाई: डावीकडचं उजवीकडे. म्युझियमच्या प्रतीशी ताडून बघितलं की एका मिनिटात कळतं.

पाचवं, पत्ता. 'भोगी' आणि 'संयम' दोन्हींची प्रकाशक हॅना हम्फ्री. १७९२ मध्ये तिचं दुकान १८, ओल्ड बाँड स्ट्रीट इथे होतं. २७, सेंट जेम्स स्ट्रीट हा प्रसिद्ध पत्ता १७९७ पासूनचा. १७९२ च्या तारखेसोबत सेंट जेम्स स्ट्रीट असेल तर कुठेतरी गडबड आहे. याच कारणाने 'ही जोडी सेंट जेम्स स्ट्रीटच्या खिडकीत लागली तेव्हा गर्दी उसळली' असं लिहू नका, कितीही वाचनात आलं तरी.

अशीच आणखी एक गोष्ट टिपणात शिरण्याआधी थोपवतो. गिलरे फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) रणभूमीवर काढलेली रेखाटनं घेऊन राजाकडे गेला, राजा म्हणाला 'मला ही कॅरिकेचरं कळत नाहीत', आणि चिडून गिलरेने 'अ कॉनसर अ‍ॅग्झामिनिंग अ कूपर' काढलं, असं सांगतात. त्या चित्रात राजा मेणबत्तीच्या उरलेल्या तुकड्याच्या उजेडात, इंग्लंडची राजसत्ता उलथवणाऱ्या क्रॉमवेलचं कूपर या चित्रकाराने काढलेलं छोटं चित्र निरखतो आहे. पण चित्रावरची तारीख आहे १८ जून १७९२, आणि फ्लँडर्सचा दौरा १७९३ चा. क्रम जुळत नाही. हे चित्र स्वतंत्रपणे घ्या, ते 'संयमा'च्या महिनाभर आधीचं आहे आणि कंजुषीचा विषय तिथूनच तापायला लागलाय, हे दाखवायला उत्तम.

गटातल्या त्या छाप्याची तळाची ओळ, उजवा वरचा कोपरा आणि उजेडासमोर धरलेल्या कागदाची पाठ, असे तीन फोटो इथे टाका. फ्रेममधून काढताना मागचा पुठ्ठा ओढू नका. जुना पुठ्ठा चिकटलेला असेल तर छाप्याचा थर त्याच्याबरोबर सोलून येतो.